पहिली गाडी, नवीन लायसन, इन्शुरन्स कसा स्वस्तात घ्यायचा
फोंड्याला भाच्याने जुनी अल्टो घेतली आणि एजंटाचा पहिलाच कोट बघून घाबरला. त्याला सांगितलं तेच सांगतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा, रेट सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच, घासाघीस करायची ती ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर, तीन-चार कोट मागव पण आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) एकच ठेवून, नाहीतर आयडीव्ही पाडून स्वस्त दाखवतात. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, तुला नाही मिळत. पॉलिसी १४ दिवसांत नावावर कर. बारीक ओरखड्याला क्लेम नको, वर्ष क्लेमशिवाय गेलं की ओन डॅमेजवर २०% सूट मिळते. इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर मात्र कापू नको रे, पणजीत पावसात पाणी भरतं, बंद पडलेल्या गाडीला परत सेल्फ मारला की इंजिन गेलं, आणि साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही.