बीपी आहे? मीठ कमी केलंत, आता साखर मोजा

बीपी निघाला की घरात पहिली गदा लोणच्या-पापडावर येते. ते बरोबरच आहे. पण त्याच घरात दुपारी रसवंतीवरून उसाचा रस येतो, चहाचे चार कप होतात, आणि त्यांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो मुख्यतः यकृतात जिरतो. रोजच जास्त झाला की यकृत त्याची चरबी बनवतं, रक्तातले ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) आणि युरिक ॲसिड वाढतात. पोट सुटतं, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मग ते जास्त स्रवतं. हे वाढलेलं इन्सुलिन मूत्रपिंडांना मिठातलं सोडियम धरून ठेवायला लावतं. म्हणजे ताटातलं मीठ कमी केलं तरी अंगातलं अडून बसतं, आणि बीपी वाढतो.

1. घरचा डबा मोजा. महिन्याला साखर आणि गूळ मिळून किती किलो येतो? चौघांच्या घरात 3 किलो म्हणजे माणशी रोज 25 ग्रॅम, साधारण सहा लहान चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते तितक्यावरच थांबलेलं उत्तम. 50 ग्रॅमच्या वर तर नकोच. बाहेरचं बिस्किट-मिठाई डब्याच्या या मोजणीत धरलेलीच नाही. गुळाला सूट नाही, तोही बहुतांश साखरच.

2. टेप आणि बीपीचं मशीन काढा. कमरेचा घेर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंमीच्या वर नको. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. आकडे वहीत लिहा. एकदा उपाशीपोटी शुगर आणि ट्रायग्लिसराइडही तपासा.

3. आधी पिण्यातली साखर तोडा. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, कारण प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्यासारखं वाटत नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा 45 कडे. घसा कोरडा पडणारच. पण 300 मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते, दिवसाचा कोटा एका बाटलीत संपला. माठातलं पाणी प्या, जिरं घातलेलं पातळ ताक प्या, मीठ नावापुरतं. चहातली साखर आठवड्याला पाव चमचा कमी करा. एकदम बंद केली की चार दिवसांत मूळपदावर येते.

4. आखाजीला (अक्षय तृतीयेला) उपाशी राहू नका. मांडे आणि आमरस सोडा असं सांगणाऱ्याचं खान्देशात कोण ऐकणार? पिकलेल्या आंब्याच्या रसात वरून साखर घालू नका. वाटी एकदाच भरा. खरी लढाई आग्रहाशी आहे: "घ्या हो, सण आहे!" म्हणत मावशी पळी घेऊन उभ्याच असतात. वाटीवर हात ठेवायला शिका.

5. केळीला घाबरू नका. रावेर-यावलचं अख्खं केळं आणि बाटलीतला गोड ज्यूस एक नव्हे. फळात तंतू असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्यातल्या पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवा.

दोन-तीन महिन्यांनी वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडे उतरले तरी बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर साखर तोडण्याआधीच त्यांना सांगा, नाहीतर शुगर एकदम खाली जाऊ शकते.