जुना पोलीस बॅज घेताना आधी पाठ बघा

साताऱ्यात किंवा सांगलीत जुन्या तांब्या-पितळेच्या ढिगात घोडेस्वार पोलिसांचा बॅज हाती आला, तर पुढची नक्षी नंतर बघा, आधी उलटा करा. खरं वय पाठीवर कळतं. मागे डाख दिलेल्या दोन कड्या असतील, तर कापडातून आत घालून त्यांत दुपाखी पितळी पिन ओवायची पद्धत होती. एकच लांब पट्टी असेल, तर ती टोपीच्या किंवा फेट्याच्या घडीत सरकवायची. कडीच्या मुळाशी डाखावरही बाकीच्या पितळेसारखाच काळपटपणा हवा. तिथे चकचकीत थेंब, कानशीचे ताजे ओरखडे दिसले, तर कडी नंतर जोडली आहे हे नक्की.

आता मुकुट. 1901 ते 1952 या काळातल्या ब्रिटिश राजांच्या बॅजवर मुकुटाची कमान गोल, वर फुगलेली असते. एलिझाबेथ राणीच्या मुकुटाची कमान मधोमध दबलेली. त्यामुळे तसा मुकुट दाखवून कोणी '1940 सालचा सातारा पोलीस' म्हणाला, तर सरळ खाली ठेवा. अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असेल, तर बॅज स्वातंत्र्यानंतरचा.

घरी आणल्यावर चिंच, पितांबरी अजिबात नको! घासलं की अक्षरांच्या कडा झिजतात आणि बॅजची निम्मी किंमत तिथेच जाते. पिन हरवली असेल तर पितळीच घाला, लोखंडी पिन गंजते आणि कडीवर डाग पाडते. चामड्यावर टाचून ठेवू नका, हिरवा गंज धरतो. पावसाळ्यात तर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या डब्यातच ठेवा.