व्याकरण गटात शिकवायचंय? डिक्टोग्लॉस करून बघा

नियम फळ्यावर लिहून दिला की पाठ होतो, पण बोलताना-लिहिताना वापरता येईलच असं नाही. म्हणून मी डिक्टोग्लॉस सुचवेन, म्हणजे ऐकलेला उतारा गटाने मिळून आपल्या नोट्सवरून परत लिहायचा. भाषाशिक्षणतज्ज्ञ रूथ वाजनरिब यांनी १९९० मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली.

पाच-सहा वाक्यांचा उतारा घ्या, त्यात एकच मुद्दा पुन्हापुन्हा यायला हवा, समजा भूतकाळातला 'ने'. पहिल्यांदा नेहमीच्या स्पीडने वाचा, पेन खाली. दुसऱ्यांदा फक्त महत्त्वाचे शब्द टिपू द्या, आणि हळू वाचायचा मोह टाळा नाहीतर ते साधं श्रुतलेखन होतं. मग तिघा-चौघांच्या गटाने नोट्स जोडून उतारा परत लिहायचा, शब्दशः नको, अर्थ तोच आणि व्याकरण बरोबर.

खरं शिकणं इथेच होतं. एकजण लिहितो 'मीनाने पत्र लिहिली', दुसरी म्हणते नाही रे 'लिहिलं', मग तो विचारतो मीना तर मुलगी आहे ना, आणि वाद घालत घालत त्यांचं त्यांनाच कळतं की इथे क्रियापद पत्राप्रमाणे बदलतंय, चिठ्ठी असती तर 'लिहिली' झालं असतं. या वेळी प्लीज मध्ये पडू नका, फिरत राहा, ऐका, चुका टिपून ठेवा.

लिहायचं काम सगळ्यात हुशार मुलाला देऊ नका, बाकीचे गप्प बसतात. नंतर दोन गटांचे उतारे फळ्यावर शेजारी लिहा, फरक मुलांनाच शोधू द्या, नियम तेव्हा सांगा. मूळ उतारा सगळ्यात शेवटी दाखवा.