दयाळ आणि झिंगा: वर्गीकरण व संवर्धन-स्थितीची तुलना कशी करावी

भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावाच्या पाळीवर उन्हाळ्याच्या पहाटे दयाळ गातो, आणि त्याच तलावात ढिवरांच्या जाळ्यात झिंगे येतात. गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील जीवजातींची नोंद, लिहिताना या दोघांची तुलना पुढील क्रमाने करावी.

प्रथम जात निश्चित करावी. दयाळ, म्हणजे कॉप्सिकस सॉलॅरिस, नराच्या काळ्या-पांढऱ्या पिसांवरून सहज ओळखता येतो. झिंग्यांच्या मात्र अनेक जाती आहेत. त्यामुळे डोळ्यांपुढील करवती काट्याचे दात मोजावेत आणि पायांची दुसरी, नांगीची जोडी पाहावी. येथे गोदावरी खोऱ्यातील मोठा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, उदाहरणादाखल घेतला आहे.

त्यानंतर वर्गीकरणाची उतरंड वरून खाली लिहावी. प्राणी सृष्टी दोघांची एकच, पण दुसऱ्याच पायरीला वाटा फुटतात: दयाळ समपृष्ठरज्जू संघात, पक्षी वर्गात, पॅसेरिफॉर्मिस गणात, झिंगा संधिपाद संघात, कवचधारी प्राण्यांच्या दशपाद गणात. पुढे कुल, प्रजाती लिहून तक्ता पूर्ण करावा.

संवर्धन-स्थितीसाठी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची, जातींना नामशेष होण्याचा धोका किती हे सांगणारी लाल यादी पाहावी. तिच्यात नऊ श्रेणी आहेत आणि हे दोन्ही जीव ‘सर्वांत कमी चिंता’ या एकाच श्रेणीत आहेत. तुलना इथेच थांबवली तर ती फसवी ठरते, कारण ही श्रेणी जागतिक आहे आणि दोघांना असलेले धोके अगदी भिन्न आहेत. दयाळाला आग्नेय आशियात पिंजऱ्यासाठी पकडले जाते आणि सिंगापुरात तो एके काळी दुर्मीळ झाला होता. झिंग्याची पिल्ले निमखाऱ्या पाण्यात वाढतात. नदीवर आडवे धरण आले की खाडीकडून वर येणारी वाट तुटते, आणि गोदावरीवर अशी बांधकामे थोडी नाहीत. शिवाय पक्ष्यांची पाहणी दांडगी आहे, तर गोड्या पाण्यातील झिंग्यांच्या बऱ्याच जातींपुढे ‘माहिती अपुरी’ एवढाच शेरा आढळतो; हा शेरा म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे. म्हणून श्रेणीशेजारी मूल्यमापनाचे वर्ष, कारणे आणि संख्येचा कल अवश्य लिहावा.

कायद्याचे संरक्षण स्वतंत्र रकान्यात नोंदवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या असल्याने जुन्या पुस्तकातील क्रमांक उतरवू नयेत. शेवटच्या रकान्यात तलावावर जाळे टाकणाऱ्यांकडून झिंगे पूर्वीपेक्षा कमी येतात की जास्त, हे विचारून लिहावे.