एअर रायफलचे छर्रे बदलताय? आधी हे बघा

जिल्हा स्पर्धा चार दिवसांवर आणि माझ्या डबीत तीस-चाळीस छर्रे. सांगलीतल्या दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला तो माल आता महिनाभर येत नाही, हा घ्या, सेमच आहे, साडेचार एमएम. सेम कसला डोंबलाचा. ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा झुबका, सगळा खाली डावीकडं, मी आपला साईटला (नेम धरायच्या भागाला) क्लिक मारत, स्क्रू फिरवत बसलो, आणि शेवटी साईट मुळात कुठं होती तेच विसरलो. स्पर्धेत काय झालं ते विचारू नका.

तर भावांनो, साडेचार एमएम म्हणजे नुसतं बोअर, नळीच्या भोकाची रुंदी. वजन, डोक्याचा साईज आणि तोंडाचा आकार हे तिन्ही वेगळं असतं. 10 मीटरवर सपाट तोंडाचाच छर्रा घ्यायचा, कार्डावर गोल स्वच्छ भोक पाडतो, गुण मोजायला भांडण नको. डोक्याचा साईज डबीवर 4.49, 4.50, 4.51 असा लिहिलेला असतो, तुमच्या बॅरलला कुठला मानवतो ते मारून बघितल्याशिवाय कळत नाही, मित्राच्या सेम मॉडेलला चाललेला तुमच्याला चालेलच असं नाही.

वजनाचं मात्र नीट समजून घ्या, कारण बंदूक बाद होते ती इथंच. मॅच छर्रा, म्हणजे स्पर्धेचा, साधारण 8.2 ग्रेनचा, म्हणजे 0.53 ग्रॅम. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढं धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि ती दाबलेली हवाच पिस्टनला शेवटी गादीसारखी झेलते. फार हलका छर्रा घातला तर तो आधीच सटकतो, गादी उरत नाही, पिस्टन धाडकन आपटतो. रिकामी बंदूक उडवली की हेच होतं, म्हणून जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकांची ती अवस्था असते. फार जड घातला तर उलटं, छर्रा जागचा हलत नाही तोवर पिस्टन हवेवर आदळून मागं उडी मारतो, स्प्रिंग आणि सील दोन्ही थकतात. साध्या स्प्रिंगवाल्या बंदुकीला 7 ते 8.5 ग्रेनच्या आतच राहा. "जास्त स्पीड" लिहिलेले हलके छर्रे बघून भुलायचं नाही.

आणि जोर वाढवायला नळीत तेलाचा थेंब सोडणारे महाभाग असतात, खोबरेल काय, मशीनचं तेल काय. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते डिझेल इंजिनसारखं पेट घेतं, धूर आणि मोठा आवाज येतो, सील जळतं. सिलेंडरवाल्या, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलला तर तेल नाहीच आणि कोरड्या स्वच्छ हवेशिवाय दुसरं काहीही भरायचं नाही. ऑक्सिजन तर अजिबात नाही, स्फोट होतो.

आता टेस्ट कशी करायची. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवा, नवीन डबीतले पहिले पंचवीसेक छर्रे असेच मारून टाका कारण बॅरलला नव्या शिशाची सवय व्हायला वेळ लागतो, मग पाच-पाचचे पाच ग्रुप वेगवेगळ्या कार्डांवर. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा, त्यातून 4.5 एमएम वजा करा, तो तुमचा ग्रुप. तोपर्यंत साईटला हात लावायचा नाही. नेम मध्यभागी नाही म्हणून जीव तळमळतो, तळमळू दे, आधी ग्रुप लहान आणि मग क्लिक. 10 चा ठिपका अर्ध्या एमएमचा आहे, तिथं अंदाजपंचे चालत नाही.

स्पीड मोजायचं यंत्र मिळालं तर ग्रॅम गुणिले स्पीड गुणिले स्पीड, भागिले 2000, हे आलं जूलमध्ये. 0.53 ग्रॅम आणि 170 मीटर सेकंदाला म्हणजे साडेसातच्या आसपास. 20 जूलच्या वर किंवा 0.177 इंचापेक्षा मोठं बोअर असेल तर लायसन्स लागतं, त्यामुळं स्प्रिंग बदलून "पॉवर वाढवून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. होला, पोपट मारायचं तर डोक्यातही आणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

एकजण विचारत होता की मग रायफलच्या काडतुसातली दारू बदलून, कमी भरून असंच करता येतं का. बाबा रे, आपल्याकडं लायसन्सशिवाय घरी काडतूस भरणं हाच गुन्हा आहे, आणि दारू कमी म्हणजे धोका कमी असंही नसतं, काही दारूत कमी भरल्यावरच दाब अचानक वाढतो. तो नाद सोड.

पावसाळ्यात डबी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवू नका, शिसं आहे ते. छर्ऱ्यांवर पांढरी पूड दिसली की अख्खी डबी बाद. तोंडात धरून लोड करायची जुनी सवय असेल तर आजच मोडा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय भडंगाला हात नाही.

छर्रा बॅरलमध्ये अडकला तर मागून दुसरा मारून काढायचा प्रयत्न करू नका. क्लीनिंग रॉडनं हळूच ढकला, बंदूक ताणलेली नाही याची खात्री करून. माझा अडकला होता तो त्याच सेमवाल्या डबीतला.