परदेशातल्या म्युझियम कॉन्फरन्सला जायचंय? सातारा-सांगलीवाल्यांनी अशी तयारी करा

आयकॉम या म्युझियमांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मोठी कॉन्फरन्स दर तीन वर्षांनी भरते, २०२२ला प्रागला झाली, २०२५ला दुबईला, आता २०२८ला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला आहे. आपल्याकडची बरीच मंडळी "ते मुंबई-दिल्लीवाल्यांचं काम" म्हणून अर्जच करत नाहीत, आणि मला ते मनापासून खटकतं, कारण सांगण्यासारखं आपल्याकडं चिक्कार आहे.

आधी विषय ठरवा. "भारताचा महान वारसा" असलं काही नको, आपल्या म्युझियममधलीच एक गोष्ट घ्या. औंधचं भवानी म्युझियम बघा ना, १९३८ला औंधचे राजे पंतप्रतिनिधींनी डोंगरावर उभं केलं, रविवर्म्याची चित्रं आहेत आणि त्याच इमारतीत इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं मदर अँड चाइल्ड हे शिल्प, हे ऐकून युरोपातला कुठलाही क्युरेटर कान टवकारणारच. पण माझ्या मते त्याहून भारी विषय रोजच्या कामातला असतो. पावसाळ्यात लाकडी शोकेसचं दार फुगून बसतं, मोडी कागदांना कसर लागते, लाईट गेली की हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर बंद, मग तुम्ही सिलिका जेलच्या पुड्या बदलता, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवता, हे सगळं तिथं सांगा. फक्त जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा आकडा रोज वहीत लिहा, फोटो काढा, नाहीतर नुसतं बोलणं राहतं. आयकॉममध्ये विषयवार कमिट्या आहेत, कॉन्झर्वेशनवाल्यांची आयकॉम-सीसी, शिक्षणवाल्यांची सेका, शस्त्रवाल्यांची आयकॉमॅम, तुमचा विषय ज्यांचा त्यांच्याकडंच भाषणाचा सारांश म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवा.

कागदपत्रांचं घोडं इथंच अडतं, म्हणून फाईल लवकर हलवा. सरकारी नोकरीत असाल तर ऑफिसची परवानगी लागते, शिवाय तिकीट-हॉटेलचा खर्च परदेशी संस्था करणार असेल तर परदेशी पैशाबद्दलच्या एफसीआरए कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची आधी मंजुरी लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ऐनवेळी पळापळ होते. युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज जायच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण तेवढं थांबूच नका. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. निमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं, वडलांच्या नावासकट.

सामानात जुनं नाणं, पोथीचं पान, काहीही भेट म्हणून नेऊ नका. १९७२च्या कायद्यानं १०० वर्षांपुढची वस्तू आणि ७५ वर्षांपुढचं हस्तलिखित पुरावशेष धरतात आणि ते स्वतःहून बाहेर नेणं गुन्हा आहे, म्युझियमच्या माणसानं तर असलं करूच नये. कंदी पेढेही युरोपात चालत नाहीत, दुधाच्या पदार्थांना बंदी आहे. सांगलीचा बेदाणा न्यायचा असेल तर तिथल्या कस्टमचा नियम आधी बघा. दुबईकडं जाताना मसाल्यात खसखस नाही ना ते बघा, तिथं ती बेकायदा आहे.

आता बोलण्याची तयारी. १५ मिनिटं मिळाली तर १२चं बोला, घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, इंग्रजी साधं असलं तरी चालतं. शक लिहिलात तर शेजारी इसवी सन टाका, शके १५९६ म्हणजे १६७४, राज्याभिषेकाचं साल. सातारचे म्हटल्यावर वाघनखांबद्दल कुणीतरी विचारणारच. २०२४च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून तीन वर्षांच्या कराराने ती साताऱ्यात आली, १८१८ला सातारला नेमलेल्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घराण्याकडून त्यांच्याकडं गेली असं ते म्युझियम सांगतं, आणि अफझलखानावर वापरलेली हीच का याची खात्री देता येत नाही हेही तेच सांगतं. दोन्ही गोष्टी शांतपणे सांगा, आवाज चढवू नका. आपली श्रद्धा आपल्यापाशी आहेच, पण क्युरेटर म्हणून उत्तर देताना पुरावा काय ते आधी सांगायचं.

तिथं गेल्यावर प्रत्येक सेशनला बसायचा अट्टाहास नको. आयकॉमचं कार्ड बरोबर ठेवा, बऱ्याच म्युझियममध्ये त्यावर फुकट नाहीतर सवलतीत आत सोडतात. आणि ओळख झालेल्याला गॅलरीपेक्षा स्टोअर, म्हणजे वस्तू ठेवायची कोठी दाखवता का म्हणून विचारा, आधी ईमेल टाकलात तर बरेच जण तयार होतात. कपाटं जमिनीपासून किती वर आहेत, कापड गुंडाळून ठेवलंय का घडी घालून, लेबल कुठं बांधलंय, हे सगळं वहीत उतरवा, फोटो मात्र विचारूनच काढा.