मज्जारज्जूभोवती पुन्हा पुन्हा होणारा रक्तस्राव : उगमाचा शोध आणि उपचार

मज्जारज्जूभोवतीचा रक्तस्राव थांबला, दुखणे ओसरले आणि रुग्ण चालत घरी आला, तरी रक्त कोठून आले हे कळेपर्यंत तपास पुरा झाला असे मानू नये. पाठीत किंवा मानेत अचानक सुरा खुपसल्यासारखी कळ येऊन पाय बधिर किंवा लुळे पडू लागले, लघवी तुंबली, तर ओपीडीची वेळ होण्याची वाट न पाहता १०८ला फोन करावा आणि मुंबईतील केईएम, सायन किंवा नायरसारख्या, न्यूरोसर्जरी विभाग असलेल्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. साकळलेल्या रक्ताचा मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर तो शस्त्रक्रियेने काही तासांतच काढावा लागतो.

रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, हे विचारण्यापूर्वीच सांगावे. वॉरफेरिन ही अशी गोळी चालू असल्यास आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो याचे माप) तपासून औषधाचा परिणाम उलटवतात. मात्र हृदयात कृत्रिम झडप असल्यास गोळी घरच्या घरी बंद करणे धोक्याचे असते.

पहिली मुख्य तपासणी एमआरआयची, आणि ती मानेपासून माकडहाडापर्यंत संपूर्ण कण्याची असावी. केवळ कमरेचा एमआरआय काढून समाधान मानण्याची चूक वारंवार होते. मज्जारज्जू तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. मेंदूभोवती रक्त दिसूनही मेंदूच्या अँजिओग्राफीत काही सापडत नसेल, तर कण्याकडे वळावे. रक्तवाहिन्यांच्या विकृत जोडणीचा संशय असल्यास कण्याची डीएसए (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्रे घेण्याची तपासणी) करतात : मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून कण्याकडे जाणाऱ्या धमन्या एकेक करून तपासल्या जातात, म्हणून तिला वेळ लागतो. ताज्या रक्ताने विकृती झाकली जाऊ शकते, त्यामुळे पहिली डीएसए निर्दोष आली तरी काही आठवड्यांनी ती पुन्हा करण्याविषयी विचारावे. कॅव्हर्नोमा, म्हणजे पातळ भिंतीच्या फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा पुंजका, मात्र डीएसएत सहसा दिसत नाही. तो एमआरआयवरच ओळखावा लागतो.

उपचार उगमानुसार ठरतो. विकृत जोडणी नळीतून विशिष्ट गोंद सोडून किंवा शस्त्रक्रियेने बंद करतात. पण तीच धमनी मज्जारज्जूलाही रक्त पुरवत असेल, तर गोंदाचा मोह टाळलेला बरा. वारंवार रक्तस्राव करणारा कॅव्हर्नोमा किंवा एपेंडिमोमासारखी गाठ शक्य तेथे काढतात.

अनेक वर्षे झिरपलेल्या रक्तातील लोह मेंदू व मज्जारज्जूच्या पृष्ठभागावर साचून ऐकू कमी येते, चालताना तोल जातो. अशा रुग्णात मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र आहे का, हेही शोधावे. छिद्र शिवल्याने झिरपणे थांबू शकते, गेलेले ऐकणे मात्र सहसा परत येत नाही. केसपेपरबरोबर एमआरआयची सीडीही जपावी, कारण पुढच्या डॉक्टरांना अहवालापेक्षा मूळ चित्रे अधिक उपयोगी पडतात.